पुस्तकात तीनच चेक

पुण्यातल्या एका बोर्डगेम कॅफेत मी पैसे घेऊन डीएमगिरी (डीएम म्हणजे डंजन मास्टर, खेळ चालवणारा) करतो. चार-चार तास पाच-सहा जणांना 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा पात्रं घेऊन, डाइस टाकत गोष्ट रचायचा खेळ खेळवायचा, हे काम. आई शेजाऱ्यांना सांगते, 'क्लास घेतो'. लढवय्या फायटर, जादूगार विझर्ड, चोर-छाप रोग या पात्रप्रकारांना खेळात क्लासच म्हणतात, त्यामुळे तिला खोटं पाडता येत नाही.

रविवारच्या ग्रुपमध्ये बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. पुतणीबरोबर आले, 'नियम कमी ते दे' म्हणाले आणि फायटर घेऊन बसले. पुतणी विझर्ड. पाचव्या लेव्हलपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग तिला फायरबॉल हा आगीचा मंत्र मिळाला. आठ डाइस एकदम टाकायचे, सरासरी 28 डॅमेज, तेही घोळक्यातल्या प्रत्येकाला. काका बिचारे एकेका गोब्लिनच्या मागे तलवार घेऊन.

"अरे, माझ्या गड्यालाही काहीतरी दे की," काका म्हणाले. "अर्जुन कुठे जादूगार होता? पण अस्त्रं सोडायचाच ना?"

मला मुद्दा पटला. शस्त्र हातातलं, अस्त्र मंत्राचं, आणि आपल्याकडचे बहुतेक मोठे योद्धे दोन्ही बाळगून असायचे. रात्री बसून मी घरगुती नियम रचला: काकांच्या तलवारीला आग. प्रत्येक वाराला एक जादा डाइस, कितीही वेळा.

पुढच्या रविवारी पहिल्याच झटापटीत ओगर आला. 59 हिट पॉइंटचा, म्हणजे एवढं डॅमेज झालं की आडवा. काकांनी एकाच टर्नमध्ये दुप्पट वार करू देणारा ॲक्शन सर्ज वापरला, चार वार केले, चारही बसले. बेरीज 61. टेबलावर आरडाओरडा. पुतणीचा टर्न अजून आलाही नव्हता. तिने डाइस एकेक करून पिशवीत भरले.

"दादा, मग मी कशाला आलेय?"

मी चहाची सुट्टी जाहीर केली.

हे दुखणं खेळाइतकंच जुनं आहे. 1974च्या पहिल्या आवृत्तीत लढणारा वेगळा आणि मंत्रवाला वेगळा. तेव्हापासून लोक मधली भिंत पोखरतायत. 2008च्या चौथ्या आवृत्तीत सगळ्याच क्लासना सारख्या साच्यातल्या शक्ती दिल्या, तर सगळे एकसारखेच वाटतात म्हणून बोंब झाली. मी काकांना जादू दिली, पण तिची किंमत लावायला विसरलो. तो गाढवपणा माझाच.

मग सुट्टीत 2014चं प्लेअर्स हँडबुक, म्हणजे खेळाचं नियमपुस्तक, उघडलं आणि काकांना एल्ड्रिच नाइट दाखवला. फायटरच, पण थोडे मंत्र येणारा. पाचव्या लेव्हलला स्लॉट, म्हणजे मंत्र टाकायच्या संधी, तीनच; झोप झाल्याशिवाय परत मिळत नाहीत. फायरबॉलची लेव्हल गाठायला तेरावी उजाडते. आणि हातवाऱ्यांच्या मंत्राला एक हात मोकळा लागतो. तुमच्या एका हातात तलवार, दुसऱ्यात ढाल.

"म्हणजे कर्णासारखं," काका खुशीत म्हणाले. "ऐन वेळी मंत्र अडणार." मग आपल्या पात्राच्या शीटवर तीन चौकोन काढले. "पुस्तकात तीनच चेक. ठीक."

(बार्बेरियन खेळणाऱ्याने लगेच मलाही मंत्र हवेत म्हणून हात वर केला. संतापात असताना मंत्र म्हणताच येत नाही, असा नियम आहे. तो मला आमच्या घरावरूनही पटतो.)

दुसऱ्या भागात दोरांचा पूल, पलीकडे चार तिरंदाज. पुतणीने फायरबॉल टाकावा तर दोर पेटणार, आणि काका नेमके पुलाच्या मध्यावर. काकांनी बराच वेळ शीटकडे पाहिलं.

"तलवार सोडतो."

"कुठे?"

"खाली. नदीत."

सगळे ओरडले. मी तिरंदाजांचे डाइस टाकले. पहिल्या बाणाची बेरीज 21, काकांचा बचाव चिलखत-ढाल मिळून 18. बाण लागला, असं मी म्हणणार तोच काकांनी खरोखरचा उजवा हात वर केला, तळवा माझ्याकडे. "शील्ड." हा बचावाचा मंत्र: अधिक पाच, 23. बाण चुकला. उरलेले तीनही चुकले. त्यांनी खोडरबराने एक चौकोन पुसला.

त्यांचा टर्न आला. एल्ड्रिच नाइट तासभराचा विधी करून तलवार स्वतःशी बांधून घेतो. मग ती कुठे का पडेना, बोनस ॲक्शनने बोलावली की हातात येते. तो तास सुट्टीतच झाला असं मी धरलं होतं. "ये गं," काका म्हणाले, आणि मी ओली तलवार त्यांच्या मुठीत दिली. पण त्यांनी वार केलाच नाही. आले त्या वाटेने पळत पूल ओलांडला आणि पुतणीच्या मागे जाऊन उभे राहिले.

"आता पेटव. पूल गेला तरी चालेल."

तिने पिशवी उघडली आणि आठ डाइस मोजून काढले.