कोलमारचा येशू आणि बाजरीवरचा अरगट

युरोपच्या शेंगेन व्हिसावर (एकाच व्हिसावर बरेच देश) कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, त्यामुळे मोठी ट्रिप ठरवताना आम्ही आधी शहरंच कमी केली. पॅरिस पटकन उरकलं. लूव्रमध्ये मोनालिसासमोर सगळे फोन उंच धरून उभे, चित्र बघायचं कुणी? मला चित्रापुढे निवांत उभं राहायचं होतं, म्हणून फ्रान्समधलंच कोलमार हवंच असा हट्ट धरला. स्ट्रासबर्गहून ट्रेनने अर्धा तास. गर्दी तिथेही भरपूर, पण ती कालव्याकाठच्या रंगीत घरांपाशी.

उंटरलिंडन म्युझियम म्हणजे जुना ननांचा मठ (मंगळवारी बंद, त्याप्रमाणे दिवस ठरवा). आत इझेनहाइमची वेदी आहे, म्हणजे दारांसारख्या उघडणाऱ्या फळ्यांवरची चित्रं, ग्र्युनेवाल्ड या जर्मन चित्रकाराने १५१२ ते १५१६ च्या सुमारास रंगवलेली. क्रूसावरच्या येशूचं अंग हिरवट पडलंय, सगळीकडे काटे रुतलेत, जखमाच जखमा, आणि हातांची बोटं अशी ताणलेली की बघवत नाही. देवाचं इतकं सोसलेलं शरीर मी कुठल्याच चित्रात पाहिलं नव्हतं.

ही वेदी होती इझेनहाइमच्या मठासाठी, आणि तिथे 'सेंट अँथनीची आग' हा रोग झालेल्यांची सेवा व्हायची. राय धान्यावर बुरशी धरते, ती पिठातून ब्रेडमध्ये जाते, मग हातापायांची आग आग होते, बोटं काळी पडतात, शेवटी कापावी लागतात. हे वाचलं आणि मी थांबलेच, कारण हा तर अरगट! आमच्या बाजरीवर पडतो तो, त्याच कुळातली बुरशी. आजोबा पेरणीआधी बियाणं मिठाच्या पाण्यात टाकायचे आणि वर तरंगलेलं काढून जाळून टाकायचे, एक दाणा कोंबड्यांना जाऊ द्यायचे नाहीत.

रोग्यांना या चित्रापुढे आणत असत म्हणे. त्यांना तिथे आपलंच अंग दिसलं असणार, देवाचंही असंच झालंय हे दिसलं असणार. आणि सणाला दारं उघडली की आत तोच येशू थडग्यातून वर उठतोय, मागे केवढं तरी पिवळं-केशरी तेजोवलय, कातडी नितळ, एक फोड नाही. आता फळ्या सुट्या मांडल्यात त्यामुळे सगळ्या बाजू फिरून बघता येतात. मी रडले, खरंच.

दुसऱ्या दिवशी परत गेलो, त्यासाठी स्वित्झर्लंडमधलं बाझल रद्द केलं. तुम्ही जाल तेव्हा अख्खा दिवस ठेवा, आणि रंगीत घरं संध्याकाळी बघा.