साडेआठचा पाऊस

पावसाविषयी बोलताना माणसे जेवढी सैल सुटतात, तेवढी ती बहुधा आपल्या शाळेविषयी आणि आंब्याच्या जुन्या भावाविषयीच सुटत असावीत. आमच्या वयाची चार माणसे बागेतल्या बाकावर जमली आणि आभाळ भरून आले, की ‘आता पूर्वीसारखा पाऊस राहिला नाही’ हे वाक्य कोणीतरी उच्चारतेच, आणि बाकीचे तिघे लगेच साक्षीला उभे राहतात. पूर्वी म्हणे सात जूनला मृग लागला की पाऊस दाराशी हजर असे. वास्तविक मोसमी पाऊस केरळात पोहोचण्याची सरासरी तारीख १ जून आणि मुंबईत पोहोचण्याची ११ जून अशी हवामान खात्याने धरलेली आहे. तेव्हा पुण्यात दर सात जूनला नेमाने येणारा तो पाऊस थोडा वळवाचा आणि बराचसा आठवणीतला असला पाहिजे. हे मी बाकावर बोलून दाखवत नाही. मी घरी येऊन पाऊस मोजतो.

निवृत्तीनंतर माणसाने छंद लावून घ्यावा, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. बागकाम, हार्मोनियम, ज्येष्ठ नागरिक संघाच्या सहली आणि अलीकडे मोबाइलवर सकाळी फुले पाठवणे, असे त्यांचे पर्याय ठरलेले असतात. पर्जन्यमापक कोणी सुचवत नाही. मला तो सुचला याचे निम्मे श्रेय मी बसच्या एका थांब्याला देतो. शिवाजीनगरच्या ज्या चौकाला सारे पुणे ‘सिमला ऑफिस’ म्हणते, तिथे हवामान खात्याची दगडी इमारत आहे. खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून तिथे आले. पुढे १९४४ साली ते दिल्लीला गेले, पण चौकाचे नाव काही दिल्लीला गेले नाही. नोकरीच्या काळात त्या इमारतीवरून रोज जाताना, आत कोणीतरी काल पडलेले पाणी काळजीपूर्वक मोजत असेल, या कल्पनेचा मला हेवा वाटत असे. आपण दिवसभर ज्या फायली हलवल्या त्यांचे पुढे काय झाले हे आपल्याला कळत नाही. पाऊस मोजणाऱ्याचे काम मात्र आकडा लिहिला की पुरे होते.

उपकरणात काही गूढ नाही. वर नरसाळे, खाली बाटली आणि बाजूला खुणांचे काचेचे मापपात्र. नरसाळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ शंभर चौरस सेंटिमीटर असेल, तर बाटलीत जमलेले दहा मिलिलिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. हा एक मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण तो प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर पाणी ओतून जातो, म्हणजे शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर शंभर लिटर. हे गणित एकदा डोक्यात बसले की ‘चार थेंब पडले’ असे म्हणायला जीभ रेटत नाही. पाणी मापपात्रात ओतल्यावर त्याची पातळी कडेला थोडी चढलेली आणि मध्ये खोलगट दिसते. आकडा वाचायचा तो मधल्या खोलगट भागाचा, आणि तोही डोळा पातळीच्या रेषेत आणून. या वयात डोळा त्या रेषेत आणायचा म्हणजे गुडघ्यांची संमती घ्यावी लागते. नात सुटीत इथे असली की हे काम तिच्याकडे सोपवतो, आणि ती दशांशासह आकडा अशा थाटात जाहीर करते, की मी निमूटपणे लिहून घेतो.

खात्याच्या कसोटीला आमची जागा उतरत नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे. पर्जन्यमापक उघड्या जमिनीवर, तोंड सुमारे तीस सेंटिमीटर उंच राहील असा बसवावा आणि जवळची झाडे-भिंती त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असाव्यात, असा नियम आहे. पुण्यातल्या सोसायटीत एवढी मोकळी जमीन दिसली की तिथे लगेच दुचाकींच्या रांगा लागतात. म्हणून माझा मापक गच्चीवर आहे, आणि उंचावरच्या वाऱ्याने काही थेंब त्याच्या तोंडावरून पुढे निघून जातात. त्यामुळे माझे आकडे मी माझ्याच मागच्या आकड्यांशी ताडून पाहतो, खात्याच्या आकड्यांशी भांडायला नेत नाही.

मोजायची वेळ सकाळी साडेआठची. ही वेळ कोणाच्या चहा-अंघोळीच्या सोयीने ठरलेली नाही. ग्रीनिचच्या घड्याळात तेव्हा पहाटेचे तीन वाजलेले असतात आणि त्या ठरलेल्या क्षणी जगभरची केंद्रे आपापल्या नोंदी घेतात. नोकरीत असताना साडेआठ म्हणजे धावपळीचा कळस होता. निवृत्तीनंतरचे पहिले काही महिने घड्याळात साडेआठ वाजले की मला उगाच उभे राहावेसे वाटे. आता उभे राहायला कारण आहे. अट एवढीच, की आदल्या दिवशीच्या साडेआठपासून आजच्या साडेआठपर्यंत जे पडले ते आजच्या तारखेला जमा करायचे. हा हिशेब आमच्या घरात अजून सर्वमान्य झालेला नाही. “काल संध्याकाळी मंडईतून येताना मी भिजले, आणि पाऊस आजचा म्हणता?” हा हिचा प्रश्न बिनतोड आहे. त्यावर माझ्यापाशी एकच मोठा दाखला आहे. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी जो प्रलय झाला, त्यातला सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटरचा आकडा या रीतीने २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांचा आहे. हिचे म्हणणे असे, की मुंबईची माणसे अजून सव्वीस जुलैच म्हणतात, आणि भिजलेल्या माणसाचे ऐकावे.

त्या दिवसाची दुसरी नोंद मला अधिक विचारात पाडते. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडले तेव्हा त्याच मुंबईच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याला, पाऊणशेच्या आत पाऊस झाला होता. दोन्ही आकडे खरे; फक्त छत्री कोणत्या स्टेशनवर उघडली याचा प्रश्न. ‘शहरात पाऊस पडला’ हे वाक्य इतके ढोबळ आहे, की आपल्या डोक्यावर किती पडला हे जाणायचे तर आपलाच मापक लागतो. आणि आकड्याची किंमत आमच्यासारख्या हौशी माणसापेक्षा कोरडवाहू शेतकऱ्याला जास्त ठाऊक असते. महसुली मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी धरतात आणि नुकसानीचे पंचनामे सुरू होतात. मापक एका गावात आणि ढगफुटी दुसऱ्या गावच्या शिवारात, असे झाले तर वाहून गेलेल्या सोयाबीनने दाद कोणाकडे मागावी?

पाऊस मोजणे ही साहेबाने आणलेली टूम, असे बाकावरच्या एका मित्राचे मत होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापाशी हातभर तोंडाचे कुंड पर्जन्यमापनासाठी ठेवावे असे सांगितले आहे. कोरड्या प्रदेशाला सोळा द्रोण (द्रोण हे तेव्हाचे माप), पाणथळ प्रदेशाला त्याच्या दीडपट आणि अवंतीला तेवीस द्रोण असे पावसाचे प्रमाणही तिथे दिलेले आहे. साहेबाने केले ते वेगळे. जॉर्ज सायमन्स नावाच्या गृहस्थाने १८६० साली ब्रिटनमधल्या १६८ ठिकाणच्या नोंदी एकत्र छापल्या, आणि १९०० साली तो वारला तेव्हा त्याच्याकडे नोंदी पाठवणारे तीन हजारांवर गेले होते. त्यांत पाद्री होते, डॉक्टर होते, आपल्या परसात मापक लावून बसलेल्या बायका होत्या. म्हणजे बहुतेक माझ्याच पंथाची माणसे. शाळेच्या भूगोलात सायमन्सच्या पर्जन्यमापकाची आकृती आम्ही काढली होती. तिला पैकीच्या पैकी गुण मिळत, पण वर्गातल्या एकानेही तो लावून पाहिला नव्हता.

तरीही माझ्या वहीत तारखेशेजारी एक रकाना नक्षत्राचा आहे. ही माझ्या आईची देणगी. तिला मिलिमीटर ठाऊक नव्हते, पण पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, मघांचा सासूचा, पूर्वांचा सुनेचा आणि हस्ताचा हत्तीचा, ही नावे तिच्या तोंडी होती. पंचांगात दर नक्षत्राला वाहनही दिलेले असते: बेडूक, म्हैस किंवा हत्ती असला तर भरपूर, कोल्हा किंवा मेंढा असला तर ओढ. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजून नऊने भागायचे आणि बाकीवरून प्राणी काढायचा, एवढेच त्यामागचे गणित आहे. कोल्ह्यावर बसून आलेल्या नक्षत्रात माझा मापक भरलेला मी पाहिला आहे, आणि त्यामुळे वाहनांचा रकाना मी आखलाच नाही. नक्षत्रांचा मात्र ठेवला, कारण तेरा-चौदा दिवसांचे हे तुकडे महिन्यांपेक्षा पावसाच्या अंगाला चांगले बसतात.

त्या रकान्यामुळेच एक गोष्ट लक्षात आली. तरण्या पावसाच्या नावावर १२ जुलै १९६१ आहे, ज्या दिवशी पानशेतचे धरण फुटले आणि अर्धे पुणे पाण्याखाली गेले. पण वीस जुलैच्या सुमारास म्हातारा सुरू होतो, आणि त्याचा लेखाजोखा पाहावा: २००५ ची मुंबई त्याची, ३० जुलै २०१४ रोजी डोंगराखाली गेलेले माळीण त्याचे, २२ जुलै २०२१ ला बुडालेले चिपळूण आणि महाड त्याचेच, आणि २५ जुलै २०२४ ला पुण्यात सिंहगड रस्त्याच्या घरांत शिरलेले पाणीही त्याचेच. पश्चिम महाराष्ट्रात मोसमी पावसाचा जोर साधारणपणे जुलैतच ऐन भरात असतो, हे त्याचे साधे कारण. पण तरण्याने धिंगाणा करावा आणि म्हाताऱ्याने बेताने, सावकाश रिपरिपावे, ही समजूत ज्याने रुजवली त्याने दोघांनाही नीट ओळखले नव्हते. बाकावर हा निष्कर्ष मी सांगितला तेव्हा, दुःखद तपशील बाजूला ठेवून, त्याचे अपेक्षेपेक्षा अधिक स्वागत झाले.

माझा खरा प्रतिस्पर्धी संगमेश्वराकडे राहतो. तो माझा आतेभाऊ, माझ्याहून मोठा, म्हणून दादा. पावसाळ्यात त्याचा सकाळी फोन येतो. “काय रे, किती?” मी सांगतो, “सव्वीस मिलिमीटर.” “एवढे आमच्या पागोळीला चहा उकळेपर्यंत पडते,” असे म्हणून तो समाधानाने खोकतो. कोकणाशी बरोबरी करण्याचा पुण्याला अधिकार नाही, हे मान्य आहे. घाटमाथ्यावर महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तिथून कावळ्याच्या वाटेने फार दूर नसलेल्या पुण्याला सातशेच्या आसपास. पण दादा मापक लावायला तयार नाही. तो घरामागच्या विहिरीच्या पायऱ्या मोजतो. ‘चौथी पायरी बुडाली’ ही त्याची जूनअखेरची बातमी, आणि काठाशी पाणी आले की त्याच्या लेखी पावसाळा उत्तीर्ण. प्रथम मला ही पद्धत गावंढळ वाटली होती. आता वाटत नाही. मी रोज बाटली रिकामी करून पुन्हा शून्यापासून सुरुवात करतो; त्याची विहीर पडलेले, मुरलेले आणि वाहून गेलेले यांची वजाबाकी करून शिल्लक तेवढी दाखवते. एप्रिलमध्ये कोणाला सव्वीस मिलिमीटर पिता येत नाहीत.

पावसाळा संपला तरी वही बंद करता येत नाही, हे या छंदातले सर्वांत कंटाळवाणे कलम आहे. नोव्हेंबरपासून पुढे पानेच्या पाने शून्ये लिहायची, कारण न लिहिलेला दिवस आणि कोरडा दिवस हे नंतर वेगळे ओळखू येत नाहीत. मापक माळ्यावर गेला की अवकाळी पाऊस नेमका येतो, असा माझा संशय आहे. त्यामुळे तो बारमाही गच्चीवरच असतो. थंडीत गुडघे फारच कुरकुरले तर जिने चढायचे काम ही करते, आणि जिने चढल्याचा मोबदला म्हणून शेऱ्याचा रकाना तिने स्वतःकडे घेतला आहे. परवाची नोंद तिच्या अक्षरात अशी आहे: पाऊस ०.०, वाळवण घालण्यास हरकत नाही, कबुतरांचा बंदोबस्त करावा.