ती चहा करते आणि सगळं बघते

ब्रिटिश पोलिसी कादंबऱ्यांमधलं माझं सगळ्यात आवडतं पात्र म्हणजे पंचविशीतली डिटेक्टिव्ह कॉन्स्टेबल, तिकडे डीसी म्हणतात. तिच्यावर सार्जंट, इन्स्पेक्टर, चीफ इन्स्पेक्टर अशी अख्खी शिडी आणि ही एकदम खालच्या पायरीवर, त्यामुळे घरोघरी जाऊन विचारपूस करा, तासन् तास सीसीटीव्ही बघा, जबाब टाईप करा, हे सगळं हिच्याच वाट्याला. बऱ्याच जणांना हा भाग बोअर होतो. मला तर वाटतं खरी कादंबरी इथेच असते.

कारण तिकडच्या पोलिसांनी याच कामात मार खाल्लाय. यॉर्कशायरमध्ये बायकांचे खून करत सुटलेल्या पीटर सटक्लिफला पोलीस नऊ वेळा भेटले आणि नऊही वेळा तो सुटला, माहिती सगळी होती पण कागदी कार्डांच्या ढिगाऱ्यात, ह्या कार्डाचा त्या कार्डाशी संबंध लागेचना. १९८१ मध्ये तो सापडला आणि त्यानंतरच मोठ्या तपासांसाठी होम्स नावाची कॉम्प्युटर सिस्टिम आली. म्हणजे कादंबरीत ती पोरगी रात्री अकराला जुने जबाब परत वाचत बसते ते उगाच नाही.

पण मी थांबून थांबून वाचते तो भाग वेगळाच आहे. फॅमिली लायझन ऑफिसर. ज्याच्या घरी खून झालाय त्या घरी एक पोलीस अधिकारी नेमतात, कादंबरीत बहुतेक वेळा ही तरुण डीसीच. लंडनमधल्या स्टीफन लॉरेन्स या काळ्या तरुणाच्या १९९३ च्या खुनाच्या तपासात त्याच्या आईवडलांना फार वाईट वागवलं गेलं, त्या तपासाची चौकशी करणाऱ्या १९९९ च्या मॅकफर्सन अहवालाने त्यावर नीट बोट ठेवलं आणि मग या कामाला रीतसर ट्रेनिंग आलं. ही त्या घरात जाते, किचनमध्ये चहा करते, आईच्या शेजारी बसते, लेकराचे फोटो बघते. आणि ती आधी तपास अधिकारी आहे, नंतर आधार. सावत्र बाप फोन घ्यायला अंगणात काहून जाते, वरच्या खोलीचं दार बंद काहून, हे सगळं तिच्या वहीत जातं. ज्या बाईने तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं तिच्याच नवऱ्यावर ती संध्याकाळी रिपोर्ट देते. एवढा अवघड पेच पिस्तूल घेऊन पळणाऱ्या हिरोच्या वाट्याला कधीच येत नाही (तिकडच्या बहुतेक पोलिसांकडे पिस्तूल नसतंच).

माझी मावसबहीण पीएसआय आहे, मे महिन्यात घरी आली होती, बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि आम्ही दोघी कूलरसमोर. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "ताई, खून झालेल्या घरी मी पण जाते, पण पंचनामा करून निघावं लागते, बसायला टाईम कोण देते?" मग तिनेच मला पुढचं समजावलं. आपल्याकडे पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, आधी एविडन्स ॲक्टचं कलम २५ होतं, नव्या कायद्यातही तेच आहे. तिकडे चालते, दमदाटी करून घेतलेली नसली पाहिजे बस. म्हणून १९८४ च्या पेस कायद्यानंतर (अटक आणि चौकशीचे पोलिसांना नियम घालून देणारा तिकडचा कायदा) सगळं रेकॉर्डिंगवर, वकील शेजारी बसलेला, आणि घड्याळ सुरू. २४ तास, सुपरिंटेंडंटने वाढवले तर ३६, मॅजिस्ट्रेटकडून जास्तीत जास्त ९६. तेवढ्यात चार्ज लावा नाहीतर सोडा. इकडे २४ तासांत कोर्टापुढे नेऊन पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मागायचा असतो, त्यामुळे आपल्या गोष्टीत तो श्वास कोंडणारा इंटरव्ह्यू रूमचा सीन जमतच नाही. हे कळल्यावर मी ते सीन नव्याने वाचले, समोरचा "नो कमेंट, नो कमेंट" करतोय आणि ही शांतपणे एक एक कागद पुढे सरकवतेय.

लेखिका लिंडा ला प्लांटची डिटेक्टिव्ह जेन टेनिसन १९९१ मध्ये 'प्राइम सस्पेक्ट' मालिकेतून टीव्हीवर आली ती थेट डीसीआय, म्हणजे चीफ इन्स्पेक्टर म्हणून, पुरुषांच्या ऑफिसात हुकूम चालवायला झगडणारी. २०१५ च्या 'टेनिसन' कादंबरीत तीच १९७३ मधली, हॅकनी ठाण्यातली नवशिकी पोलीस आहे. लंडन पोलिसांतला बायकांचा वेगळा विभाग बंद झाला तेही १९७३ मध्येच. मला ही धाकटी जास्त जवळची वाटते, तिचं कोणी ऐकत नाही म्हणून ती सगळ्यांचं ऐकते.

एका गोष्टीचा मात्र खरंच राग येतो. हल्ली प्रत्येक तरुण डिटेक्टिव्हला लेखक एक भयंकर भूतकाळ चिकटवतात, बहीण हरवलेली, आई मारली गेलेली, आणि शेवटी केस तिच्याच घरापाशी येऊन थांबते. कशाला? कामात हुशार असणं पुरत नाही का बाईला?

मला अशी कादंबरी नागपूरची पाहिजे आहे. गोंदियाहून आलेली, नंदनवन भागात खोली करून राहणारी पीएसआय, इतवारीतल्या एका घरात खून, पंच म्हणून सही करायला गल्लीतलं कोणी तयार नाही, आणि पीसीआर संपायला दोन दिवस. भूतकाळ नको तिला. मावसबहिणीला म्हटलं तूच लिही, ती म्हणाली तू लिही, कायद्याचं मी तपासून देते.