नोटॅम नव्हता, बदल मात्र झालेला होता

दहा आठवड्यांच्या खंडानंतर मी एकटीने लांबच्या उड्डाणाची तयारी करत होते. वाट ओळखीची होती. निम्म्या अंतरावर डाव्या हाताला लष्करी सरावासाठी राखलेले एक निर्बंधित क्षेत्र लागते आणि त्याची पूर्वेकडची हद्द तीन सागरी मैल दूर ठेवून मी तिथून अनेकदा गेले आहे. त्या सकाळी मी वाटेवरचे सगळे नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठी काढलेल्या ताज्या सूचना, एकेक करून वाचले. त्या क्षेत्राविषयी एकही सूचना नव्हती. सूचना नाही त्याअर्थी बदलही नाही, असे मी धरून चालले.

विमानाकडे निघण्याआधी माझ्या जुन्या प्रशिक्षकांनी टेबलावर पसरलेला नकाशा पाहिला आणि त्या हद्दीवर बोट ठेवून विचारले, "ही हद्द कधीची आहे?" मला आधी प्रश्नच कळला नाही, कारण हद्दीलाही तारीख असते असा विचार मी कधी केला नव्हता. नकाशाच्या कोपऱ्यात छापलेली तारीख सव्वा वर्षापूर्वीची निघाली. टॅब्लेटवरच्या नकाशाने माहिती जुनी झाल्याचा इशारा दिला होता, पण तो मी सकाळीच बोटाने बाजूला सारला होता. मग आम्ही एआयपी, म्हणजे हवाई वाहतुकीची अधिकृत माहिती पुस्तिका, उघडली. तिच्या ईएनआर ५.१ या प्रकरणात प्रतिबंधित, निर्बंधित आणि धोक्याची क्षेत्रे दिलेली असतात. माझ्या क्षेत्राची हद्द पाच मैल पूर्वेकडे सरकली होती आणि त्याची खालची मर्यादा समुद्रसपाटीपासून २,५०० फुटांवर होती ती थेट जमिनीपर्यंत उतरली होती. म्हणजे मी आखलेली रेघ नव्या क्षेत्राच्या दोन मैल आतून जात होती. त्या दिवशी उड्डाण रद्द केले.

मला अस्वस्थ करत होता तो वेगळाच प्रश्न : इतका मोठा बदल झाला, तर नोटॅम का नव्हता? तो होता, पण येऊन गेला होता. कायमस्वरूपी बदल एआयपीच्या दुरुस्तीतून येतात आणि त्यांतले महत्त्वाचे बदल 'एअरॅक' या २८ दिवसांच्या चक्राच्या ठरलेल्या तारखेलाच लागू होतात. ही तारीख नेहमी गुरुवारी येते आणि दुरुस्ती वापरणाऱ्यांच्या हाती किमान २८ दिवस आधी पडावी असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. अशा दुरुस्तीकडे लक्ष वेधण्यासाठी 'ट्रिगर नोटॅम' काढतात आणि बदल लागू झाल्यावर साधारणपणे १४ दिवसांनी तो संपतो, कारण एव्हाना ही माहिती सर्वांच्या पुस्तिकेत आणि नकाशावर पोहोचली असेल असे मानले जाते. रोज उडणाऱ्यांसाठी ही व्यवस्था चोख आहे. दोन-अडीच महिन्यांनी एकदा हँगर उघडणाऱ्या माझ्यासारखीच्या हाती मात्र नेमकी रिकामी यादी पडते, आणि ती यादी पाहून खात्री वाटते हे अधिक वाईट. नोटॅमची यादी कोरी असेल तर त्यावरून एवढेच कळते की पुस्तिकेत आधीच आहे त्याहून वेगळे काही आज लागू नाही. ती पुस्तिका वाचलेली असणे ही अट त्यात न बोलता धरलेली असते.

पुढच्या तीन संध्याकाळी मी सुटलेल्या दुरुस्त्या क्रमाने वाचल्या. दुरुस्तीच्या पानावर बदललेल्या ओळीशेजारी समासात उभी काळी रेघ असते, त्यामुळे काम वाटले होते तितके किचकट नव्हते. एखाद्या चक्रात बदलच नसेल तर तसे कळवणारी 'निरंक' सूचना काढण्याची पद्धत आहे, हेही तेव्हाच लक्षात आले. काही महिने चालणारे तात्पुरते निर्बंध वेगळ्या पुरवणीत असतात, तीही चाळली.

नवी हद्द मी मुद्दाम पेन्सिलीने कागदी नकाशावर काढली. तक्त्यात अंश, मिनिटे आणि सेकंदांत बिंदू दिले होते आणि दोन बिंदूंच्या मध्ये घड्याळाच्या दिशेने जाणारा एक कंस होता. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, म्हणून कर्कटकाची टोके नकाशाच्या उभ्या कडेवरच्या खुणांवर लावून त्रिज्या घेतली. पाच लाखांस एक या प्रमाणाच्या नकाशावर पाच मैल म्हणजे जेमतेम साडेअठरा मिलिमीटर होतात. जुनी आणि नवी रेघ यांच्यामध्ये माझे बोट मावत होते, आणि माझी वाट त्या बोटाखालून जात होती.

तक्त्यातला शेऱ्यांचा रकाना मी इतकी वर्षे वाचलाच नव्हता. क्षेत्र केव्हा सक्रिय असते आणि आत जायचे झाल्यास परवानगी कोणाकडे मागायची हे तिथेच लिहिलेले होते. वेळा अर्थातच यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, होत्या. पूर्वी हे क्षेत्र ठरावीक वेळीच सक्रिय असे, आता ते नोटॅमद्वारे सक्रिय होणार होते. एवढ्या एका वाक्याने माझी सगळी पद्धत बदलली, कारण आता कायमची हद्द पुस्तिकेत आणि त्या दिवसाची वेळ नोटॅममध्ये, अशा दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्याशिवाय उत्तर मिळत नाही. नोटॅमच्या 'क्यू' ओळीतली त्रिज्या ही यादी गाळण्यासाठी दिलेले ढोबळ वर्तुळ असते आणि खरा आकार 'ई' रकान्यात असतो, हे मी परवान्याच्या परीक्षेपुरते पाठ केले होते. त्याचा उपयोग आता झाला.

१९४४ च्या शिकागो करारातील नवव्या कलमाने लष्करी गरज किंवा सार्वजनिक सुरक्षितता या कारणांसाठी असे निर्बंध घालण्याचा अधिकार राष्ट्रांना दिला आहे, तेव्हा हद्द का वाढवली याबद्दल माझी तक्रार नाही.

लॉगबुकच्या शेवटच्या पानावर मी २०२६ ची एअरॅक चक्रे २२ जानेवारीपासून लिहून काढली आहेत. प्रत्येक गुरुवारसमोर एक चौकोन आहे. त्या चक्राची दुरुस्ती वाचल्यावरच त्यात खूण करते. राहिलेले उड्डाण नंतर नव्या हद्दीपासून तीन मैल बाहेरून केले. निम्म्या वाटेवर रेडिओवरून विचारले तेव्हा क्षेत्र सक्रिय असल्याचे उत्तर आले. वळशामुळे पाच मिनिटे जास्त लागली.