ऐकू न येणाऱ्या ध्वनीने दालनातले स्थान शोधताना

बंद इमारतीत जीपीएसचे संकेत क्षीण होतात, म्हणून एका मोठ्या दालनात फोनचे स्थान ध्वनीवरून काढणारी व्यवस्था मी उभारली. 20 अंश सेल्सिअसला हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. त्यामुळे कालमापन एका मिलिसेकंदाने चुकले तरी अंतर 34 सेंटिमीटरनेच चुकते, तर रेडिओलहरींबाबत तीच चूक 300 किलोमीटरची ठरते. हा संथपणाच येथे उपयोगी पडतो.

चार स्पीकर बसवून त्यांच्या जागा काटेकोर मोजल्या. प्रत्येक स्पीकर आपल्या पाळीला 18 ते 21 किलोहर्ट्झ असा चढत जाणारा अगदी छोटा स्वर सोडत असे. स्वर एकदम सुरू केला की ‘टक्’ असे स्पष्ट ऐकू येते, म्हणून त्याची तीव्रता हळूहळू चढवावी आणि उतरवावी लागली. फोनचे घड्याळ स्पीकरांच्या घड्याळाशी जुळलेले नसल्यामुळे ध्वनीचा प्रवासकाळ न मोजता दोन स्पीकरांचे स्वर पोहोचण्यातला फरक घेतला. असा प्रत्येक फरक एक अपास्त वक्र (हायपरबोला, म्हणजे दोन स्पीकरांपासूनच्या अंतरांतला फरक जिच्यावर सर्वत्र सारखाच राहतो अशी रेषा) देतो आणि हे वक्र जेथे छेदतात तेथे फोन असतो.

गणित एवढेच होते. कस लागला तो प्रतिध्वनींपाशी. ध्वनिमुद्रणाचा मूळ स्वराशी सहसंबंध काढला, म्हणजे ते कोणत्या क्षणी त्या स्वराशी किती जुळते हे पाहिले, की आलेखावर शिखरे दिसतात. मध्ये माणूस उभा असेल, तर थेट आलेला ध्वनी दबतो आणि भिंतीवरून परतलेल्याचे शिखर अधिक उंच होते. म्हणून सर्वांत उंच शिखर न घेता, वेळेत त्याच्या मागे जाऊन गोंगाटाच्या पातळीवर डोके काढणारे पहिले शिखर निवडण्याचा नियम केला. ही पातळी किती धरावी हे दालनागणिक बदलते, आणि माझ्या मते या पद्धतीची अचूकता मुख्यतः त्यावरच ठरते.

फोन स्वतःहूनही आवाज ‘स्वच्छ’ करतो, आणि त्यात आपला स्वरच पुसला जाऊ शकतो. अँड्रॉइड 7 पासून प्रक्रिया न केलेला ध्वनी मागण्याची सोय आहे, परंतु ती प्रत्येक फोनवर नसते. नसेल तेथे उच्चार ओळखण्यासाठीचा ध्वनिस्रोत वापरला. तापमान एका अंशाने बदलले की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 0.6 मीटरने बदलतो, म्हणून तापमापकाची नोंदही गणितात घेतली. मायक्रोफोनची परवानगी मागताना लोक बिचकतात, आणि ते रास्तच आहे. त्यामुळे सर्व गणना फोनमध्येच करून ध्वनिमुद्रण लगेच पुसून टाकले.