तुम्ही विचारलंत म्हणून : गोंदलेल्या मनगटावर घड्याळ का अडते?

रुग्णालयातील यंत्रांची देखभाल आणि दुरुस्ती हा माझा व्यवसाय असल्यामुळे नागपुरातल्या आमच्या वस्तीत नाडी, रक्तदाब किंवा ऑक्सिजन मोजणारी कोणतीही वस्तू रुसली की ती माझ्याकडे येते. अलीकडे सर्वांत जास्त येतात ती स्मार्टवॉच. पुण्याला नोकरी करणारा मुलगा दिवाळीला आईसाठी घड्याळ घेऊन येतो, आई ते हौसेने बांधते आणि पाडव्याच्या आत सून ते माझ्यापुढे ठेवते : "ताई, घड्याळ तर नवंच आहे, माझ्या हातावर बरोबर चालते, पण आईंच्या हातावर चालूनच नाही राहिलं." आईंचा हात पाहिला की कारण बहुतेक वेळा तिथेच दिसते. लग्नाआधी गोंदवून घेतलेले ठिपके, तुळशीवृंदावन आणि त्याखाली वेलबुट्टी मनगटापर्यंत उतरलेली असते आणि घड्याळाची मागची काच नेमकी तिच्यावर टेकलेली असते. धरमपेठेतल्या एखाद्या स्टुडिओतून मनगटाभोवती रुंद काळा पट्टा काढून आलेली तरुण मुलेही हेच विचारतात. त्यांचा सूर तेवढा अधिक वैतागलेला असतो.

घड्याळ बिघडलेले नसते आणि दुकानातून बदलून आणलेले दुसरे घड्याळही त्याच जागी तसेच वागते. ॲपल वॉच एप्रिल २०१५ मध्ये बाजारात आले तेव्हा टॅटू असलेल्या ग्राहकांनी पहिल्या काही दिवसांतच ही तक्रार केली होती आणि टॅटूची शाई, तिचा दाटपणा आणि नक्षी यांमुळे संवेदकाचा प्रकाश अडू शकतो, असे ती कंपनी आपल्या माहितीपत्रकात आज स्पष्ट लिहिते. प्रकाशाने नाडी मोजणारी इतर कंपन्यांची घड्याळेही याला अपवाद नाहीत.

मनगटावरचे घड्याळ नाडी प्रकाशाने मोजते. काचेखालचे हिरवे दिवे सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करतात आणि कातडीतून परत फिरलेला प्रकाश शेजारचा संवेदक टिपतो. हा हिरवा प्रकाश साधारणपणे ५२० ते ५३० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. रक्तातले हिमोग्लोबिन तो भरपूर शोषते, त्यामुळे हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर बारीक रक्तवाहिन्यांत रक्त वाढले की परत येणारा प्रकाश किंचित घटतो आणि रक्त ओसरले की पुन्हा वाढतो. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ ॲलरिक हर्ट्झमन यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस अभ्यासलेली ही पद्धत आहे, तेव्हा तत्त्व नवे नाही. ते मनगटावर मावले, एवढेच नवे. अडचण अशी की ठोक्यामुळे होणारा हा चढउतार परत आलेल्या एकूण प्रकाशाच्या जेमतेम एक-दोन टक्के असतो, आणि मनगटावर बहुधा त्याहूनही कमी. इतक्या बारीक फरकावर सगळा हिशेब अवलंबून असताना मूळ प्रकाशच घटला तर हाती उरते ती नुसती खरखर.

गोंदणाचा काळा रंग कार्बनचा असतो. पूर्वी तो दिव्याच्या काजळीचा असे, आजच्या काळ्या शाईतही कार्बनचीच पूड असते. ती वरच्या, सतत झडणाऱ्या थरात राहत नाही. सुई तिला साधारण एक ते दोन मिलिमीटर खाली, त्वचेच्या आतल्या थरात नेऊन सोडते आणि तिथल्या पेशी ते कण गिळून धरून ठेवतात. घड्याळाला पाहायच्या असलेल्या बारीक रक्तवाहिन्याही याच थरात असतात, म्हणजे नाडी आणि तिच्यावरचा पडदा एकाच जागी येतात. खोलीतला दिवा मालवून घड्याळाचा पट्टा थोडा सैल केला तर हे डोळ्यांनी दिसते : कोऱ्या कातडीवर काचेच्या कडेने हिरवी प्रभा पसरते, दाट गोंदणावर ती काठाशीच विझते.

"मग इन्फ्रारेड वापरणारे घड्याळ घेऊ का?" असे पुष्कळ जण विचारतात. काळ्या शाईपुढे त्याचा फारसा उपयोग नाही. टॅटू काढून टाकताना त्वचारोगतज्ज्ञ काळ्या शाईवर १०६४ नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड लेसर सोडतात, आणि कार्बन तोही शोषतो म्हणूनच शाई फुटते. लाल शाईसाठी त्याच यंत्रातून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर वापरतात. ज्या हिरव्याने लाल शाई फुटते त्याच्या अगदी शेजारचा हिरवा घड्याळात असतो, म्हणून दिसायला नाजूक, पण भरीव लाल फूलही मनगटावर चांगलाच अडथळा आणते. फिकट रंगाचे किंवा नुसत्या बारीक रेघांचे काम असेल तर मात्र बहुधा काही बिघडत नाही.

सावळ्या रंगामुळे असे होते का, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो यात मिसळू नये. कातडीला रंग देणारे मेलॅनिन वरच्या थरात असते आणि तरंगलांबी वाढत जाते तसे त्याचे शोषण कमी होत जाते. कार्बन तशी सवलत देत नाही. त्वचेच्या रंगाचाही परिणाम मोजमापावर होतो हे खरे आहे. बोटावरच्या ऑक्सिमीटरकडून ऑक्सिजनची घट निसटण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट असल्याचे डिसेंबर २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले होते. पण एरवी नीट चालणारे घड्याळ गोंदणावर सरकवताच गप्प होत असेल, तर कारण गोंदणच आहे.

मला स्वतःला गप्प बसणाऱ्या घड्याळाची फारशी काळजी वाटत नाही. पडद्यावर नुसत्या रेघा आल्या तर निदान काही कळले नाही एवढे तरी कळते. काळजी वाटते ती आकडा दाखवणाऱ्याची. नाडीचा संकेत क्षीण झाला की घड्याळातली गणिते त्या खरखरीत एखादा ताल शोधू लागतात, आणि अंबाझरीला भरभर चालणाऱ्या माणसाच्या बाबतीत सर्वांत ठळक ताल त्याच्या पावलांचा असतो. मिनिटाला ११० ते १२० पावले पडत असतील तर तेवढेच ठोके दाखवले जातात आणि तो आकडा इतका संभवनीय असतो की कुणाला शंकाही येत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ज्यांची नाडी मुद्दाम संथ ठेवलेली असते, त्यांना असा आकडा पाहून उगाच धडकी भरते. याउलट, खरोखर वाढलेली नाडीही त्याआड झाकली जाऊ शकते. म्हणून आकडा संशयास्पद वाटला की थांबावे, दोन बोटे अंगठ्याखाली मनगटावर ठेवून तीस सेकंद ठोके मोजावेत आणि दुप्पट करावेत. ठोके अनियमित लागले तर पूर्ण मिनिट मोजावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

दुसरी गोष्ट कुलपाची. खालून प्रकाश परत आला नाही तर आपण हातावर नाही, अशी काही घड्याळांची समजूत होते आणि ती पुन्हा पुन्हा पासकोड मागतात. त्याला कंटाळून घरातली मुले सेटिंगमध्ये जाऊन मनगट ओळखण्याची सोय बंद करून टाकतात. ॲपल वॉचमध्ये ती बंद असेल तर जोरात पडल्याचे लक्षात येऊनही घड्याळ आपत्कालीन सेवेला आपोआप फोन लावत नाही. एकट्या राहणाऱ्या आईसाठी घड्याळ घेण्याचे कारणच पुष्कळदा तेवढे असते, तेव्हा ही सोय बंद करण्याआधी घड्याळाची जागा बदलून पाहावी.

बहुतेकांचे काम जागा बदलून भागते. जुन्या गोंदणात ठिपक्यांमध्ये मोकळी कातडी असते आणि काच दोन बोटे वर सरकवली तरी पुष्कळदा नाडी सापडते. नाहीच सापडली तर दुसरा हात आहे. पट्टा करकचून आवळल्याने शाई पारदर्शक होत नाही, फक्त वळ उठतात. घड्याळातल्या ईसीजीला गोंदणाची अडचण सहसा येत नाही, कारण तो प्रकाशावर चालत नाही, हृदयाचे विद्युतसंकेत घेतो. मात्र दुसऱ्या हाताचे बोट टेकवून ठेवावे लागते, त्यामुळे तो दिवसभराच्या नोंदीचे काम करू शकत नाही. लग्नसराईत मेंदीविषयीही विचारणा होते. साध्या लाल मेंदीने बोटावरच्या ऑक्सिमीटरला सहसा फरक पडत नाही. काळी मेंदी मात्र अडवते, पण ती वरच्या थरातच असल्याने आपोआप उतरते.

दोन्ही हात भरून गोंदलेले असतील आणि व्यायामाच्या वेळी खात्रीची नाडी हवी असेल, तर छातीला बांधायचा पट्टा घ्यावा. तोही विद्युतसंकेतांवर चालतो आणि बांधण्याआधी त्याची आतली बाजू ओली करावी लागते, ते काम नागपूरच्या मे महिन्यात वेगळे करावे लागत नाही.