विजापुरात एका बोलक्या गाईडच्या मागे

विजापूरच्या गाईडकडून इतिहास शिकायला जाऊ नये, तो घरून वाचून जावा. गाईड घ्यायचा तो कुठे उभं राहायचं आणि कुठे मान वर करायची हे कळायला, आणि मधल्या वेळात हसायला. गोल घुमटाच्या फाटकापाशी आम्हाला जे चाचा भेटले, त्यांना समोरच्याचा चेहरा पाहून कुठली गोष्ट काढायची हे बरोबर समजत होतं. मराठी माणसं दिसली की शहाजीराजे, दमलेली दिसली की चहा.

सोलापूरहून अंतर साधारण १०० किलोमीटर. बसही आहे, रेल्वेही आहे. २०१४ पासून पाट्यांवर ‘विजयपुरा’ दिसेल, गोंधळू नका. शक्य असेल तर आदल्या रात्रीच मुक्कामाला जा, कारण गोल घुमट पहाटे सहाला उघडतो आणि तो बघायची वेळ तीच. शाळांच्या सहली येऊन पोचल्या की वरच्या सज्जात फक्त किंचाळ्या ऐकू येतात. पोरांना गप्प करायला रखवालदार शिट्टी फुंकतो आणि ती शिट्टीच सात-आठ वेळा घुमते. त्या बिचाऱ्याची नोकरी मला फार अवघड वाटली.

चाचांनी लगेच वर नेलं नाही. मुहम्मद आदिलशहाची ही समाधी १६५६ च्या सुमारास पुरी झाली, त्याच साली तो वारला. मधल्या चौथऱ्यावर दिसतात त्या कबरी नुसत्या खुणेच्या, खऱ्या खाली तळघरात आहेत. चाचांच्या भाषेत, “वर रिसेप्शन हाय सायेब, मालक खाली बसत्यात.” मग रंभेची कबर. सुलतानाची लाडकी नर्तकी. प्रेमाची परीक्षा म्हणून त्याने वरून उडी मारायला सांगितली आणि तिने मारली, अशी दंतकथा. “उडी एकदाच मारली, आवाज सात वेळा आला.” आमच्यातल्या मावशींनी चाचांकडे असं पाहिलं की पुढची दहा मिनिटं त्यांनी विनोद केला नाही.

या दहा मिनिटांत मान वर करा. खालची खोली चौकोनी आणि वरचा घुमट गोल, मग चौकोनाचं गोलात रूपांतर झालं कुठे? भिंतींतून निघालेल्या आठ कमानी एकमेकींना छेदत वर जातात, त्यातून आतल्या बाजूला अरुंद होत जाणारं कडं तयार होतं आणि त्यावर घुमट बसतो. मध्ये एकही खांब नाही. चाचा म्हणाले, “दुनियेत दोन नंबर.” आतून मोजला तर त्याचा व्यास ३८ मीटरच्या आसपास भरतो, रोमचं पँथिऑन, फ्लॉरेन्सचा कथीड्रल आणि सेंट पीटर्स, तिन्हींचे घुमट त्याहून मोठे. मी हे सांगितलं तर चाचा म्हणाले, “ते बघितलाय का तुम्ही? न्हाई ना? मग आपल्यासाठी हाच एक नंबर.” वाद संपला.

सज्जात जायचा जिना कोपऱ्यातल्या मनोऱ्यातून, सात मजले. पायऱ्या उंच आणि अरुंद, उतरणारी माणसं समोरून येतात. गुडघे दुखत असतील तर खालूनच बघा, लाज नाही. वर गेल्यावर दोन टोळ्या करा, एकीने बरोबर समोरच्या बाजूला जायचं आणि भिंतीकडे तोंड करून पुटपुटायचं. ओरडायचं नाही; ओरडल्यावर नुसता गोंगाट होतो, कुजबुज मात्र गोल भिंतीला धरून स्वच्छ पलीकडे पोचते. आमच्या काकांनी भिंतीशी हळूच म्हटलं, “हिच्या हौसेपायी मेलो.” पलीकडून लगेच काकू: “मग खाली थांबायचं होतं.” असा प्रयोग नवरा-बायकोंनी जपून करावा.

बारा कमान पाहायला पंधरा मिनिटं पुरेत. दुसरा अली आदिलशहा १६७२ मध्ये वारला आणि त्याच्या समाधीचं काम अर्धवटच राहिलं. काळ्या दगडाच्या कमानी उभ्या, वर छप्पर नाही. चाचा: “काम प्रगतीपथावर हाय.”

मलिक-ए-मैदान तोफेपाशी मात्र ते खरे रंगले. वजन सुमारे ५५ टन, १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली, तोंडाशी सिंहाचा जबडा आणि त्यात चिरडलेला हत्ती. ही परांड्याहून इथे आणली ती आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने. पुणं जाळून गाढवाचा नांगर फिरवल्याची गोष्ट ज्याच्या नावावर आहे, तोच हा मुरार. काका पुण्याचे आहेत कळल्यावर चाचांनी हात जोडले, “माफ करा, आमच्याच मान्सानं केलं.” काकांनीही मोठ्या मनाने माफ केलं. बत्ती दिल्यावर कान वाचवायला गोलंदाज शेजारच्या हौदात बुडी मारायचा, ही गोष्ट प्रत्येक गाईड सांगतो. त्यापेक्षा मला लिलावाची गोष्ट आवडली: १८५४ मध्ये इंग्रजांनी ही तोफ मोडीत काढली तेव्हा सर्वांत मोठी बोली आली १५० रुपयांची, आणि विक्री रद्द झाली. भर दुपारीही धातूला हात लावून पाहा, गार लागतो. जवळच उपळी बुरूज आहे, पायऱ्या बाहेरून वळत जातात. सोबत लहान मुलं असतील तर हात सोडू नका.

साठ कबर हे ठिकाण गावाबाहेर शेतांत आहे, नेहमीच्या फेरीत नसतं, मुद्दाम सांगावं लागतं. प्रतापगडाकडे निघण्याआधी अफझलखानाने आपल्या बायकांना मारलं, अशी कथा. काळ्या कबरींच्या रांगा पाहून आपण कथेचा खरेखोटेपणा तपासायच्या मनःस्थितीत राहत नाही. इथे चाचा विनोद करत नाहीत. फक्त जाताना म्हणाले, खानानं स्वतःसाठीबी समाधी बांधली होती, पण पुरला प्रतापगडाखाली.

इब्राहिम रोजा दुपारी उशिरा ठेवा, उतरतं ऊन नक्षीवर तिरकं पडतं तेव्हा. माझ्या मते विजापुरातली सर्वांत सुंदर वास्तू हीच. गोल घुमट थक्क करतो, पण परत यावंसं वाटतं ते इथे. एकाच चौथऱ्यावर समाधी आणि मशीद समोरासमोर. ‘ताजमहाल यावरूनच बांधला’ हे वाक्य तुम्हाला ऐकावंच लागेल, मान डोलवा. इथे पुरलेला दुसरा इब्राहिम आदिलशहा संगीतवेडा होता, त्याच्या ‘किताब-ए-नवरस’मध्ये सरस्वतीला वंदन आहे, हे चाचांना ठाऊक होतं आणि त्यांनी ते हसू न आणता, नीट सांगितलं.

कबरी-मशिदींपाशी चप्पल काढावी लागते आणि उन्हाने दगड तापतो, म्हणून मोजे जवळ ठेवा. गोल घुमटासमोरच्या नगारखान्यातलं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. जेवायला खाणावळीतच जा: ज्वारीची कडक भाकरी, भरली वांगी, शेंगाचटणी. गाईडचे पैसे आधी ठरवा, कुठली ठिकाणं धरून तेही ठरवा, आणि साठ कबर त्यात आहे का हे दोनदा विचारा. चाचांनी आमच्याकडून ठरल्यापेक्षा जास्त मागितले नाहीत. काकूंनी वरून जे दिले ते त्यांनी काकांना दाखवून खिशात घातले.